तांजिरोची ताई करताना

चित्रात तांजिरोला मुलगी करायला फारसं काही लागत नाही. 'डेमन स्लेयर' या जपानी कार्टून मालिकेची गोष्ट सुरू होते तेव्हा तो १३ वर्षांचा असतो, पुढे १५ चा होतो. या वयात मुलगा काय अन् मुलगी काय, खांदे सारखेच. डोळे त्याचे मुळातच मोठे आणि गोल. जबडा जरा आत घेतला, भुवया थोड्या बारीक केल्या की अर्ध्या तासात मुलगी तयार. त्याच्या बहिणीचा, नेझुकोचा, मुलगा करायला थोडा जास्त वेळ जातो, पण तोही होतो. मला जड गेलं ते या दोघांच्या मधलं. तिच्या पाठीवर तो, असं काढल्यावर चित्रातली गोष्टच कुठेतरी गळून पडत होती, आणि ती परत आणायला हिवाळा गेला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमधला तैशो काळ, म्हणजे १९१२ ते १९२६. डोंगरात कोळसा पाडून विकणारं कामादो कुटुंब. बाप आधीच गेलेला. थोरला तांजिरो कोळसा विकायला खाली जातो आणि परत येतो तर घरातले सगळे मारले गेलेले. एक बहीण, नेझुको, जिवंत असते, पण तिची राक्षसीण झालेली. ती माणूस खाऊ नये म्हणून तिच्या तोंडात बांबूचं नळकांडं बांधलेलं. उन्हात ती जळेल, म्हणून तांजिरो तिला दिवसा लाकडी पेटीत घालून पाठीवर घेऊन फिरतो. पेटीच्या आधी तर टोपलीच होती. एका शेतकऱ्याकडून त्याने तुटकी टोपली आणि गवत मागून घेतलं, 'पैसे नको' म्हटलं तरी दिले, टोपली दुरुस्त करून मोठी केली आणि बहिणीला त्यात बसवलं. कोयोहारु गोतोगे यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१६ ते २०२० अशी चालली, २३ खंड झाले. अॅनिमे (त्यावरची कार्टून मालिका) २०१९ पासून यूफोटेबल स्टुडिओने काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा सिनेमा 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे हिंदीतही लागला. माझा भाऊ मित्रांसोबत नागपूरला जाऊन पाहून आला आणि त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, चुलबंद नदीच्या काठाला. धानाचं गाव. मी फोनवर चित्रं काढते. फोन भावाच्या आधी वडिलांनी वापरलेला, कोपऱ्यात काच तडकलेली, त्या तडकलेल्या भागात बोट लागलं की रेघ आपोआप वळते. त्यामुळे मी कॅनव्हास फिरवून फिरवून काढते, म्हणजे महत्त्वाचं काही त्या कोपऱ्यात येत नाही. अॅप ऐबिस पेंट. फुकटात मिळतं, जाहिरात पाहिली की ब्रश उघडतात, आणि स्टॅबिलायझर चढवून ठेवला की माझ्यासारखीची रेघही सरळ येते. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, फार केले की फोन तापतो. उन्हाळ्यात तर तो आधीच तापलेला असतो, म्हणून माझी मोठी चित्रं सगळी दिवाळीनंतरची आहेत.

मुलाची मुलगी आणि मुलीचा मुलगा करून काढण्याची पद्धत फॅन आर्टमध्ये जुनी आहे. बहुतेक जण काय करतात, तर मुलीला छाती आणि पापण्या देतात, कंबर चिमटीत मावेल इतकी करतात, मुलाला खांदे आणि चौकोनी हनुवटी देतात. झालं. मला ते कंटाळवाणं वाटतं. मूळ पात्रात जे होतं ते सगळं पुसून त्या जागी एक ठरलेली बाहुली बसवायची, तर मग तांजिरो कशाला घ्यायचा? कोणीही चाललं असतं.

यांच्या आधी मी एल्रिक भाऊ करून पाहिले होते, 'फुलमेटल अल्केमिस्ट' या दुसऱ्या मांगातले. ते चित्र लवकर संपलं. धाकटा अल्फोन्स म्हणजे नुसतं लोखंडी चिलखत, आत जीव तेवढा बांधलेला. त्याची मुलगी करायला काढायचं काय? काहीच नाही. आहे तसंच चिलखत काढलं आणि 'ही बहीण' म्हणून भावाला दाखवलं. त्याने मान डोलावली. थोरल्या एडवर्डचं मात्र एक गमतीदार झालं. कोणी बुटका म्हटलं की तो पेटतो, अर्ध्या मालिकेचे विनोद त्यावर आहेत. मुलगी केल्यावर तो विनोद मेला. बुटकी मुलगी चिडली तर लोकांना ती गोंडस वाटते, एवढंच. ही मांगा लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा स्वतः होक्काइदोच्या गाईंच्या गोठ्यात वाढलेल्या बाई आहेत. मला वाटतं, त्यांनी एडवर्डला मुलगी केलं असतं तर तिला चिडायला बुटकेपणापेक्षा भारी कारण दिलं असतं.

आता कामादो. आधी कपडे ठरवले, कारण कपड्यांत चुकलं की जपानी काही राहतच नाही.

तांजिरोचा हिरव्याकाळ्या चौकड्यांचा हाओरी, म्हणजे वरून घालायचा सैल अंगरखा. या चौकड्यांना जपानीत इचिमात्सु म्हणतात. हे नाव आलं सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटावरून, १८व्या शतकातल्या. त्याने रंगमंचावर ही चौकड घातली आणि ती लोकांत पसरली. आणि हा नट कोवळ्या पोरांच्या आणि बायकांच्या भूमिकांसाठी गाजलेला. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून खुदकन हसले. म्हणजे तांजिरोच्या अंगावरचं कापड आधीच बाई झालेल्या पुरुषाचं. मी त्यात बदल करायचा प्रश्नच नव्हता. राक्षस मारणाऱ्यांच्या पथकाचा गणवेशही तोच ठेवला. त्याच पथकात शिनोबु आहे, तिचा गणवेश गळ्यापर्यंत बंद आणि खाली विजार. तोच माप धरला. पथकातल्याच मित्सुरीसारखा उघडा गणवेश नको होता. माझी मुलगी कोळसेवाल्याच्या घरची, पाठीवर पेटी वाहणारी, तिला वाकता यायला पाहिजे.

केस मागे बांधलेले ठेवले. गोष्टीच्या सुरुवातीला तांजिरोचे केस मागे बांधलेले दिसतात, तेच घेतले. कपाळावरची खूण जशीच्या तशी ठेवली. धाकट्या भावाच्या अंगावर शेगडी पडत होती, ती अडवताना भाजल्याची ती मूळ खूण.

नेझुकोचा किमोनो गुलाबी, त्यावर आसानोहा, म्हणजे हेम्पच्या, भांगेच्या जातीच्या झाडाच्या, पानाची नक्षी. ती काढायची युक्ती अशी, की समभुज त्रिकोणांची जाळी पाडायची आणि प्रत्येक त्रिकोणाच्या मध्यातून तिन्ही टोकांना रेघ न्यायची. सहा त्रिकोण एका बिंदूभोवती आले की चांदणी आपोआप उमटते. एक तुकडा नीट केला, बाकी कॉपी. हे झाड झपाट्याने आणि सरळ वाढतं, तसं लेकरू वाढावं म्हणून जपानमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर ही नक्षी असायची. म्हणजे मुलाच्या अंगावरही चालतेच. पण किमोनोची ठेवण बदलावी लागली. बाईच्या किमोनोला कंबरेपाशी कापडाची घडी आणि वर रुंद पट्टा असतो, पुरुषाचा पट्टा अरुंद आणि खाली, कमरेच्या हाडावर. बाईच्या बाहीला काखेखाली उघडी फट असते, पुरुषाची बाही तिथे शिवलेली. डावी बाजू उजवीवर मात्र दोघांचीही. उलटी नेसवतात ती मेलेल्या माणसाला. हे एवढं केलं आणि पापण्या कमी केल्या, तर नेझुकोचा मुलगा आपोआप झाला. गुलाबी रंग बदलला नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, मुलाले गुलाबी?"

मी म्हटलं, "तोमिओकाचा हाओरी पाय."

गियु तोमिओका हा मालिकेतला भारी तलवारबाज, गंभीर चेहऱ्याचा, पोरांचा लाडका. त्याचा हाओरी मध्ये शिवलेला, दोन बाजू दोन रंगांच्या. एक बाजू मेलेल्या मित्राची, आणि दुसरी, लाल, त्याच्या मेलेल्या थोरल्या बहिणीच्या किमोनोची. बहिणीचं कापड अंगावर घालून तो लढतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. भाऊ गप्प झाला. तसंही आमच्याकडच्या लग्नात गुलाबी फेटे बांधून नाचणारे सगळे पुरुषच असतात.

चौकड्यांचं काम किचकट. सपाट चौकड वेगळ्या कॅनव्हासवर करून आणली, अंगरख्याच्या लेयरवर क्लिप केली आणि मग मेश फॉर्मने, म्हणजे चित्रावर जाळी टाकून ती ओढायच्या साधनाने, एकेक घडी ओढून वळवली. जिथे कापड दुमडतं तिथे चौकोन अर्धा तुटायला पाहिजे, नुसता वाकून चालत नाही. पाठीवर पेटी असल्यामुळे हाओरीला पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी चुण्या पडतात. त्या चुण्यांत किती संध्याकाळी गेल्या ते सांगत नाही.

पहिलं चित्र झालं ते असं. बर्फाची वाट, समोर बघत चालणारी तांजिरो, पाठीवर पेटी, पेटीचं दार किलकिलं आणि त्यातून डोकावणारा नेझुको. ठीक होतं. पण उभी राहिली होती ती कॅलेंडरवरच्या देवीसारखी. एक पाय पुढे, कंबर एका बाजूला. कितीही खोडलं तरी हात तिकडेच जायचा, कारण मुलगी काढायची म्हटली की हाताला तेच वळण.

ते सुटलं आमच्या शेजारच्या आबाजींमुळे. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य. आबाजी तरणे होते तेव्हा दंडारीत बाईचं सोंग घ्यायचे. लुगडं नेसून, अंबाडा घालून. त्यांचं नाव पाच-पन्नास गावांत होतं असं ते स्वतः सांगतात, आणि आजी ते खोडून काढत नाही, म्हणजे खरं असावं. त्यांना मी फोन दाखवला. चष्मा वर करून, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे टुरी चालून राह्यली का उभी आहे?"

"चालून राह्यली."

"मंग कमर काहाले तिकडे गेली? पाठीवर वजा आहे ना तिच्या?"

मग ते उठले. पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत, गुडघे गेलेत. पण अंगणात चार पावलं टाकली आणि मला खरंच एक बाई चालताना दिसली. कंबर हलली नाही. मान स्थिर, नजर चार हातांवर, पावलं जवळ जवळ, टाच हलकेच टेकणारी. डोक्यावर भरली गुंडी आहे असं समजून ते चालत होते. म्हणाले, "नवे पोट्टे सोंग घेतेत तं कमर हालवतेत. लोक हासतेत. बाई आली मनून लोक हासले तं सोंग गेला. बाईच्या बोलन्यावर हासले तं जमला."

मला लगेच सुमिको आठवली. मालिकेत एके ठिकाणी तांजिरो आणि त्याचे साथीदार झेनित्सु, इनोसुके मुलींचं सोंग घेऊन योशिवाराच्या, म्हणजे वेश्यांच्या, वस्तीत शिरतात, तांजिरोचं नाव तेव्हा सुमिको. तोंड पांढरं फासलेलं, गालांवर लाल टिक्के. तिथे हसवायचंच आहे, म्हणून ते तसं. मला हसवायचं नव्हतं. पण माझी मुलगीही सुमिकोच होती, फक्त रंग जरा बरा लावलेली.

घरी येऊन चालण्याचा सगळा सांगाडा पुसला. भावाची शाळेची बॅग मोठी आहे, तिच्यात मावेल तितका तांदूळ कट्ट्यातून काढून भरला, बॅग पाठीवर घेतली आणि बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पारीवरून चालत राहिले. भाऊ फोन घेऊन पुढून, बाजूने, मागून फोटो काढत होता. जाणारे येणारे विचारत होते, कुठे चालली? फोटोत जे दिसलं ते मी आधी कधी काढलेलं नव्हतं. वजन घेतलं की हनुवटी पुढे जाते. मानेच्या दोन शिरा वर येतात. अंगठे आपोआप पट्ट्याखाली जातात आणि पट्टा खांद्यापासून थोडा उचलून धरतात, तेवढाच आराम. बाकीची बोटं बाहेर मिटलेली. पाय एकापुढे एक पडत नाहीत, थोडे फाकतात. मी ते अंगठे सगळ्यात आधी काढले. अंगठ्याच्या नखाभोवती कातडी पांढरी पडते, दाबामुळे, तेही काढलं. चित्रात ते दिसायलाही मोठं करून पाहावं लागतं, पण काढलं.

आमच्याकडे लेकरू पाठीवर घेत नाहीत, कडेवर घेतात. बहीण सात वर्षांची आणि भाऊ दोन वर्षांचा असला की ती एका बाजूला वाकडी होऊन त्याला दिवसभर वागवते. रोवणीच्या दिवसांत तर गावात मोठं माणूस नसतं, सगळी अशी वाकडी पोरीच दिसतात. मी पण वागवलं आहे. भाऊ ऐकायला तयार नाही, पण तो जड होता.

आणि खरी गाठ इथेच बसली.

चित्र नव्याने पूर्ण करून मी सपरीत, म्हणजे ओसरीत, बसलेल्या बायकांना दाखवलं. लाखोरीची भाजी निवडत बसल्या होत्या, माय, काकू, समोरच्या दोघी. याच बायकांना भावाने दिवाळीत मूळ तांजिरो दाखवला होता, पोस्टर होतं त्याच्याकडे, आणि गोष्ट पण सांगितली होती. तेव्हा सगळ्या हळहळल्या होत्या. किती करते बिचारा बहिनीसाठी. असा भाऊ भेटाले नशीब लागते. काकूने तर स्वतःच्या भावाचं नाव काढून दोन शिव्या घातल्या होत्या. आता माझं चित्र हातोहात फिरलं. मी गोष्ट तीच सांगितली, फक्त भावाच्या जागी बहीण.

"मंग त्या पोराले का झाला?" समोरच्या मावशीने विचारलं.

"त्याचे केस वाढवले का मा? नवसाचा आहे का?"

"तोंडात का बांधलं? चावते का?"

"इलाज नाही केला का कुठी?"

सगळे प्रश्न त्या पेटीतल्या मुलाबद्दल. जी त्याला घेऊन डोंगर चढते आहे तिच्याबद्दल एकही नाही. शेवटी मीच विचारलं, "अन् हे?" तर माय भाजी निवडता निवडता म्हणाली, "हे का? बहीन आहे ना त्याची." म्हणजे विषय संपला. बहीण आहे, तर घेऊन फिरणारच. यात सांगण्यासारखं काय? फक्त काकू चित्र जवळ धरून म्हणाली, "कपारावर डाग आहे हिच्या. लगन कसं होईन?" तांजिरोच्या त्याच डागाला दिवाळीत तिने 'शूर आहे पोरगा' म्हटलं होतं.

मला राग आला नाही. गंमत वाटली आणि थोडं हबकायलाही झालं. गोष्टीतली एकही घटना मी बदलली नव्हती. पण भावाने केलं तर ती कथा होते, २३ खंड चालते, सिनेमे निघतात. बहिणीने केलं तर तो तिचा रोजचा दिवस. आणि नेझुकोचंही उलटं. मूळ नेझुकोच्या तोंडात बांबू आहे, ती बोलत नाही, 'हम्म' एवढंच करते, तर तिला सगळे गोड म्हणतात. माझ्या भावाच्या फोनच्या कव्हरवर तीच आहे. मुलीचं तोंड बंद आहे हे कोणाला खटकलंच नाही. मुलाच्या तोंडात तोच बांबू घातला तर पहिला प्रश्न, का बांधलं? मळणीच्या बैलाला मुसकं घालतात तसा तो दिसत होता, आणि मुसकं पाहिलं की माणूस विचारतोच, खाईल म्हणून बांधलं का मारेल म्हणून.

बांबूचं मी काही केलं नाही. तो प्रश्न लोकांना पडतो आहे हे चांगलंच. फक्त दोरी जरा घट्ट काढली, गालात रुतलेली.

पण बहिणीचं काय करायचं? ती चित्राच्या मधोमध उभी होती, सगळ्यात मोठी, सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली, आणि कोणाला दिसत नव्हती. भाऊ म्हणाला, तिच्या डोळ्यांत पाणी काढ. मागे प्रकाश दे. कपाळातून रक्त काढ. हे सगळे उपाय लोक करतात. पण रडणारी बहीण तर आमच्याकडे आणखीच ओळखीची. ती अजून मागे गेली असती. तलवार उपसलेली काढून पाहिली, तर पेटी नुसती शोभेची राहिली. मग ते वेगळंच चित्र होतं, लढणाऱ्या मुलीचं. तसली पुष्कळ आहेत.

महिनाभर तसंच पडलं. मधे धान विकायची घाई, केंद्रावरची रांग, वडिलांचा बारदान्यासाठी खटाटोप. फोन हातात आला तरी मी नुसते चौकडे रंगवत बसायची.

सुचलं ते पारीवरच्या त्या फोटोंवरून. चालून चालून थकले तेव्हा मी बॅग उतरवून झाडाखाली ठेवली होती आणि भावाने तेव्हाचेही फोटो घेतले होते, उगीच. एका फोटोत मी मान मागे टाकून पाणी पिते आहे, एक हात खांदा चोळतो आहे. पुढच्यात भाऊच आहे, बहुतेक सेल्फी घेताना चुकून निघालेला. तो बॅग एका हाताने उचलून पाहतो आहे आणि त्याचं तोंड असं, की अरे, ही एवढी जड होती?

चालणं सोडून दिलं. नवीन चित्रात पेटी पाठीवरून खाली उतरली आहे. रात्र आहे, म्हणून नेझुकोला बाहेर येता येतं. तांजिरो दगडावर बसली आहे, हाओरी एका खांद्यावरून सरकलेला, एका हाताने ती दुसरा खांदा दाबते आहे, जिथे पट्टा असतो तिथे. गणवेशाच्या कापडावर पट्ट्याची चपटी खूण अजून आहे, दिवसभर दाबलं गेलेलं कापड लगेच वर येत नाही. तोंड आमच्याकडे नाही, पाण्याकडे. आणि नेझुको, मालिकेत होते तशी, म्हणजे आता तसा, लहानखुरा झालेला, रिकामी पेटी पाठीवर घ्यायचा प्रयत्न करतो आहे. पट्टा त्याला लांब होतो, खांद्यावरून घसरून कोपरात आला आहे. पेटी एका बाजूला कलंडलेली. तो बहिणीकडे बघतो आहे.

यात रेघा कमी लागल्या. लेयरही कमी. रात्रीचा रंग एका मल्टिप्लाय, म्हणजे खालचे रंग गडद करणाऱ्या, लेयरवर निळा टाकून मिळाला, चंद्राची कड खांद्यावर आणि पेटीच्या काठावर तेवढी. फार काही केलं नाही. कलंडलेल्या पेटीचा कोन मात्र पुन्हा पुन्हा बदलला, कारण जास्त कलंडली तर ते मस्करीचं वाटायचं.

मी हे चित्र कोणाला काही न सांगता सपरीत ठेवलं. गोष्ट सांगितली नाही. मावशीने पाहिलं. "थकली मा पोरगी," म्हणाली. मग माय म्हणाली, "दिवसभर वागवून राह्यली असन." काकू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो पाहा, त्याले आता समजलं." डागाबद्दल कोणी बोललं नाही, कदाचित तोंड फिरवलेलं होतं म्हणून दिसला नसेल.

आबाजींना दाखवलं तर त्यांनी पुन्हा फोन हातभर लांब धरला. "बसली बराबर आहे," एवढंच. त्यांच्याकडून हे पुष्कळ.

भावाला भिंतीवर लावायला पाहिजे होतं, म्हणून तालुक्याला छापायला नेलं. तिथे वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स छापतात. दुकानातल्या पोराने फाइल उघडली आणि विचारलं, "दादाचं नाव कुठी टाकाचं?" नाव नाही म्हटल्यावर त्याला ते पटेना. छापून आलं तर हिरवा मेला होता. स्क्रीनवरचा हिरवा प्रकाशाचा, शाईचा तितका उजळ येत नाही, हे माहीत होतं, पण इतका शेवाळी होईल असं वाटलं नव्हतं. रात्रीचं चित्र म्हणून चालून गेलं. चौकडे लांबून मात्र छान उठतात. शेजारी मूळ तांजिरोचं पोस्टर आहे, आणि भाऊ आता आलेल्या मित्रांना विचारतो, यातली पेटी कोणाची जड? मित्र म्हणतात, पेटी तीच तर आहे. मग त्यांचं भांडण लागतं.

आता दाकी आणि ग्युतारो काढते आहे. योशिवारातले ते राक्षस बहीणभाऊ, तांजिरो-नेझुकोचीच उलटी बाजू. भाऊ कुरूप, हाडं निघालेला, अंगावर डाग, लहानपणापासून लोकांनी हाकललेला. बहीण देखणी. शेवटी तोही तिला पाठीवर घेऊनच जातो. त्यांना उलटं केलं तर थोरली बहीण कुरूप आणि धाकटा भाऊ देखणा. इथे सगळे कलाकार एकच पळवाट काढतात. ग्युतारोची मुलगी करताना तिला हळूच सुंदर करून टाकतात. डाग ठेवतात, पण नक्षीसारखे. बरगड्या जातात, दात सरळ होतात. मी बरगड्या ठेवल्या आहेत. कंबर ग्युतारोची आहे तितकीच, म्हणजे भुकेने आत गेलेली. दात तसेच.

भावाने लाइनआर्ट, म्हणजे नुसत्या रेघांचं चित्र, पाहिलं आणि म्हणाला, "ताई, इतकी बेकार नको ना काढू तिले. थोडी तरी बरी कर."

"ग्युतारोले म्हटलं होतं का असं?"

"तो तं व्हिलन आहे."

"मंग हे कोन आहे?"

त्यावर तो कानात हेडफोन घालून निघून गेला. फोनची स्टोरेज भरली आहे, त्याचे नागपूरचे फोटो हटवल्याशिवाय रंगाचे लेयर बसणार नाहीत, आणि ते हटवायला तो तयार नाही. सध्या तेवढंच अडलं आहे.